लाख रुपये किलोची वेल

देगलुरात वेल विकत आणायची पद्धत नाही. वेल मागून आणायची असते. त्यासाठी आधी चहा घ्यायचा, लेकाच्या नोकरीची चौकशी करायची, आणि उठता उठता, जणू आत्ताच नजर गेली असं दाखवत म्हणायचं, "अगं बाई, जाई किती भरलीय! एक फांदी द्या की." समोरचीही "न्या की, त्यात काय" म्हणते आणि मनातल्या मनात मागच्या पावसाळ्यात हिच्याकडून आणलेल्या अळूच्या कंदाचा हिशोब मिटवून टाकते. मनीप्लांटचा कायदा मात्र वेगळा आहे. तो मागायचा नसतो, चोरायचा असतो. चोरलेलाच लागतो आणि चोरलेलाच पैसा आणतो, अशी सगळ्या गावाची खात्री. त्यामुळे ज्याच्या दारात मनीप्लांट जोमात आहे त्याच्याकडे पैसा आहे की नाही हे सांगता येत नाही, पण कोपऱ्यावरच्या घरातला मनीप्लांट कुठे गेला हे सांगता येतं.

अशा या गावात, एका वेलीच्या कोंबांना किलोमागे लाख रुपये मिळतात, ही बातमी २०२१ च्या एप्रिलमध्ये मोबाइलवरून येऊन थडकली. टाळेबंदीचे दिवस. माणसं घरात, बाजार बंद, आणि हाताला काम एकच, आलेला मेसेज पुढे ढकलणे. मेसेजमध्ये एका शेतकऱ्याचा फोटो, शेजारी हिरव्यागार कोंबांचा फोटो आणि खाली मजकूर: जगातली सर्वांत महाग भाजी 'हॉप शूट्स', औरंगाबादच्या शेतकऱ्यानं पिकवली, किलोला एक लाख. एका आयएएस अधिकारी बाईंनीच ते ट्विट केलेलं, त्यामुळे शंका घ्यायला जागाही उरली नव्हती.

औरंगाबाद म्हटल्यावर देगलूरकराला दुसरं औरंगाबाद सुचण्याचं कारण नाही. खंडपीठ तिथं, घाटी दवाखाना तिथं, विभागीय आयुक्त तिथं. शहराचं छत्रपती संभाजीनगर व्हायला अजून दोन वर्षं होती. "आपल्या औरंगाबादला येतंय तर देगलूरला का येऊ नये?" हा प्रश्न मराठवाड्याच्या अनुशेषासारखाच सगळ्यांच्या तोंडी झाला. पुढे कळलं की ते औरंगाबाद बिहारमधलं. त्याहून पुढे कळलं की पत्रकार त्या गावी जाऊन पोचले, तर शेतात हॉप्सचा कोंबच काय, पानसुद्धा नव्हतं. पण खुलाशाची एक अडचण असते. तो कुणी फॉरवर्ड करत नाही, कारण त्यात भाव दिलेला नसतो.

आमच्या आळीतल्या गुरुजींना खुलासा मिळेपर्यंत त्यांची वही अर्धी भरली होती.

गुरुजी विज्ञानाचे. निवृत्त. गळ्यात माळ, एकादशी निर्जळ, चहासुद्धा गुळाचा. देगलूरचं नाव वारकऱ्यांत निघतं ते धुंडा महाराज देगलूरकरांसारख्या कीर्तनकारांमुळे, आणि गुरुजी त्या वळणाचे गृहस्थ. त्यांनी हॉप्सची माहिती काढली तेव्हा पहिल्याच ओळीत 'बिअर' हा शब्द आला. गुरुजींनी वही मिटली, हात धुतले, आणि मग पुन्हा उघडली.

माहिती अशी निघाली. हॉप्स ही थंड मुलखातली वेल. फूल म्हणावं तर फूल नाही, फळ म्हणावं तर फळ नाही, अशी हिरवट, पापुद्र्यापापुद्र्यांची बोंडं तिला लटकतात. पापुद्र्यांच्या बुडाशी पिवळी भुकटी असते, तिचं नाव लुप्युलिन. बिअरला जो कडवटपणा असतो तो या भुकटीचा, आणि बिअर लवकर आंबून नासत नाही तेही हिच्यामुळे. हे जर्मनीतल्या हिल्डेगार्ड नावाच्या जोगिणीनं बाराव्या शतकातच लिहून ठेवलंय. बव्हेरियाच्या सरदारांनी तर १५१६ साली कायदाच केला, की बिअरमध्ये जव, पाणी आणि हॉप्स याखेरीज काही घालायचं नाही. पाचशे वर्षांपूर्वीचा हा भेसळ प्रतिबंधक कायदा वाचून गुरुजींना जर्मनांविषयी आदर वाटला. आपल्याकडे दुधालाही एवढं कुणी जपत नाही, असं ते म्हणाले, आणि त्यांच्या दुधवाल्यानं ते ऐकलं.

मग लाख रुपये कशाचे? तर वसंतात जमिनीतून पहिले कोवळे कोंब वर येतात, त्यांची भाजी करतात. बेल्जियममध्ये पोपरिंग नावाचं गाव आहे, तिकडे हंगामातल्या पहिल्या कोंबांना किलोला हजार युरोपर्यंत भाव लागल्याच्या बातम्या असतात. मातीत बोटं घालून एकेक कोंब खुडावा लागतो आणि किलोभर व्हायला शेकड्यांनी कोंब लागतात. भाव भाजीपेक्षा मजुरीचा आणि हौसेचा जास्त. आपल्याकडे हादग्यातल्या पहिल्या खिरापतीला जी किंमत, तीच ही, फक्त ते युरोत मोजतात.

इथं थोडं आडवळण घेतो, कारण गुरुजींवर हसण्याआधी आमच्या भागाची हिस्टरी सांगायला हवी. मराठवाड्यातल्या शेतकऱ्यानं चमत्काराच्या पिकांची पंगत पाहिलेली आहे. एकदा सफेद मुसळी आली. मग रतनजोत आली, तिच्या बियांतून डिझेल निघणार होतं. कोरफड आली, स्टेव्हिया आली, सागवानाच्या योजना आल्या, त्यांत वीस वर्षांनी पैसे मिळणार होते आणि योजना सांगणारा माणूस दोन वर्षांनी मिळत नव्हता. इमू नावाचा पक्षी आला. त्याची अंडी हिरवी, तेल औषधी, कातडं महाग, मांस त्याहून महाग, एवढं सगळं होतं, फक्त घेणारा नव्हता. या सगळ्या पिकांचा एक समान गुण असा की पैसा पिकात नसतो, रोपात असतो. जो रोप विकतो त्याचं साधतं. ज्याला हे पहिल्या वर्षी उमगतं तो दुसऱ्या वर्षी स्वतः रोपवाटिका काढतो. आमच्या सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला वेडा म्हणायचं कारण नाही. सोयाबीनचा भाव ज्यानं पाहिलाय तो इमूवरही विश्वास ठेवू शकतो.

गुरुजींचा हिशोब मात्र अगदी पोकळ नव्हता. कोंबांचं राहू द्या, बोंडांचं काय? बिअरचे कारखाने कुठे आहेत? आपल्याच मराठवाड्यात, औरंगाबादच्या औद्योगिक वसाहतींत. महाराष्ट्रात इतके दुसरीकडे क्वचितच. २०१६ च्या दुष्काळात, जेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच एप्रिलमध्ये औरंगाबाद खंडपीठानं या कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली होती. म्हणजे पाणी आपलं, कारखाना आपल्या भागातला, पिणारा आपला, आणि हॉप्स तेवढे जर्मनीचे नाहीतर अमेरिकेचे. "हा आपल्यावर अन्याय आहे," गुरुजी म्हणाले. मराठवाड्यावरच्या अन्यायांच्या यादीत हा मुद्दा अजून कुठल्या समितीनं घातलेला नाही, हे खरं.

"पण गुरुजी, तुम्ही माळकरी. बिअरसाठी वेल लावणार?"

"द्राक्षं लावणारा नाशिकचा माणूस वाईन पितो का? आपण वेल लावायची. पुढं तिचं काय होतं ते ज्याचं त्यानं बघावं."

घरी बिअर करण्याचा तर प्रश्नच नव्हता. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू गाळता येत नाही, आणि नियमावर बोट ठेवलं तर प्यायलाही परवाना लागतो. वेल लावायला मात्र काहीच लागत नाही. गुरुजींनी हेही कायद्याच्या पुस्तकातून पाहून घेतलं.

हिंदुस्थानात हे पीक होतं का? होतं. काश्मिरात राजांच्या काळात सोपोरजवळ हॉप्सचे मळे होते. हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात १९७० च्या दशकापासून लावतात. त्याआधी हॉप्स इकडे यायचे ते पिंपातून. गोऱ्या साहेबांची बिअर लंडनहून आफ्रिकेला वळसा घालून मुंबई-कलकत्त्याला पोचायची, वाटेत नासू नये म्हणून तिच्यात हॉप्स चढे घालत, आणि त्या कडू बिअरला पुढे 'इंडिया पेल एल' असं नाव पडलं. आपल्या देशाचं नाव लावलेली बिअर जगभर विकली जाते आणि देगलूरकर शेजारच्या मद्नूरकडची शिंदी पिऊन येतो, यात कुठे तरी चूक आहे असं गुरुजींना वाटे. शिंदीत हॉप्स नसतात. ती सकाळची दुपारी प्यायली तर पिणाऱ्याला ते आपोआप कळतं.

हॉप्सची लागवड बियांनी करत नाहीत. जमिनीखाली तिच्या गड्ड्यातून मुळासारख्या गाठाळ कांड्या पसरतात, त्याच वीतभर तोडून लावतात. डोळा वरच्या बाजूला, दोन-तीन बोटं माती, भरपूर ऊन, पाण्याचा निचरा. पहिल्या वर्षी वेल मुळं धरते, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बहरते. हिवाळ्यात वरचा सगळा भाग वाळून जातो आणि वसंतात पुन्हा कोंब फुटतात. एकदा लागली की पंधरा-वीस वर्षं बघायला नको. फांदी जमिनीत दाबून कलम होतं, कोवळ्या शेंड्याचंही होतं. म्हणजे एकानं आणली की गावभर मागून न्यायला अगदी सोयीची. या बाबतीत हॉप्सला देगलूरमध्ये उज्ज्वल भविष्य होतं.

बी का नाही? कारण हॉप्समध्ये नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी, आणि बोंडं फक्त मादीला. नुसतं तेवढंच नाही. जवळपास नर असला आणि त्याचे पराग उडून आले तर बोंडात बिया भरतात आणि माल हलका होतो. म्हणून जर्मनीतल्या हॉप्सच्या मुलखात रानात नर वेल दिसली तर उपटून टाकतात. हे गुरुजी ओसरीवर वाचून दाखवत होते आणि त्यांच्या घरच्या, म्हणजे आमच्या काकू, गवार मोडत होत्या.

"म्हणजे एक बी गडी माणूस नसला की वेल चांगली चालते?" काकूंनी विचारलं.

"शास्त्रीय दृष्टीनं, हो."

"हे कळायला जर्मनीला जायची गरज नव्हती," काकू म्हणाल्या आणि गवार उचलून आत गेल्या.

काकूंना या विषयात अनुभव होता. त्यांनी कंधारच्या डोंगराकडून माहेरचा कर्टुल्याचा कंद आणून परसात लावला होता. कर्टुल्यातही नर-मादी वेगळे. वेल चढली, पिवळी फुलं आली, पावसाळा संपला, कर्टुलं एकही नाही. पुढच्या वर्षी तेच. शेवटी बहिणीनं येऊन फुलाखाली बघितलं. मादीच्या फुलाखाली बारीकसं काटेरी फळ आधीपासूनच बसलेलं असतं, इथं नुसता देठ. "अगं, हा बाप्या हाय," ती म्हणाली आणि जाऊन मादीचा कंद पाठवून दिला. कर्टुल्याला एवढं बरं, की नर अगदीच वाया जात नाही. आठ-दहा माद्यांना एक लागतोच. काकूंनी त्याला ठेवून घेतला, पण पाणी मादीला आधी घालत.

गुरुजींनी हॉप्सच्या कांड्या मागवल्या त्या पार्सलनं. कुणाकडून ते सांगत नाही. रोपात पैसा असतो हे वर सांगितलंच आहे. महाशिवरात्रीच्या सुमारास त्या आल्या, भुश्शात गुंडाळलेल्या, आल्याच्या वाळक्या तुकड्यांसारख्या. काकूंनी एक हुंगून बघितली आणि कुणी चहात घालायला नको म्हणून ताबडतोब बाहेर नेऊन दिली. गुरुजींनी आमच्या काळ्या मातीत वाळू आणि शेणखत मिसळलं, खड्डे केले, डोळे वर ठेवून कांड्या निजवल्या. हॉप्सला चढायला पंधरा-अठरा फूट उंची लागते. परसातल्या खांबापासून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत काथ्याच्या दोऱ्या ताणल्या गेल्या. त्या ताणल्या आणि त्याच दिवशी तिथं चादरी वाळत पडल्या.

आणि वेल उगवली. हे मी आवर्जून सांगतो, कारण आळीतल्या निम्म्या लोकांनी पैज उगवणार नाही अशी लावली होती. जांभळट कोंब वर आले. त्यांचं वजन लाख रुपये किलोनं काय होईल हे गुरुजींनी नजरेनं जोखलं आणि खुडायचं धाडस केलं नाही. हॉप्सला कर्टुल्यासारखे तणावे नसतात. देठाच्याच खरखरीत अंगानं ती आधाराला पीळ घालत चढते, आणि तोही कायम एकाच दिशेनं, घड्याळाच्या काट्याप्रमाणे. गुरुजी सकाळी चष्मा लावून तिला दोरीवर घालून देत. काकू चादर काढताना तिला चुकून उलटी गुंडाळत. वेल दुपारपर्यंत स्वतःला सोडवून घेई. सोसत नसलं की सुटून मोकळं व्हायचं, ही तिची पद्धत आळीतल्या सुनांना फार आवडली.

त्याच सुमारास बीटचे जमादार फाटकाशी येऊन उभे राहिले. कुणी तरी त्यांच्या कानावर घातलं होतं की ही वेल गांजाच्या नात्यातली आहे. तेही खरंच आहे. वनस्पतिशास्त्रात हॉप्स आणि गांजा एकाच कुळात पडतात.

"काय लावूलालाव गुरुजी?"

गुरुजींनी खोटं बोलायला हवं होतं. पण आयुष्यभर विज्ञान शिकवलेलं. त्यांनी कूळ, प्रजाती, जाती असं सगळं सविस्तर सांगितलं, गांजाचा कुठे संबंध येतो तेही सांगितलं, पान कसं वेगळं असतं तेही दाखवलं. जमादार त्यांचेच विद्यार्थी. ते दहावीत या तासाला जसे उभे राहायचे तसेच उभे राहिले, मग "बरंय गुरुजी" म्हणाले आणि चहा न घेता गेले.

वेल कमरेएवढी झाली आणि थांबली. वाळली नाही, सुकली नाही, नुसती थांबली. उन्हाळा तेव्हा बेचाळिशीला पोचला होता म्हणून ऊन कमी करायला जुनी साडी बांधली, पाणी वाढवलं, तरी तेच. गुरुजींनी पुन्हा वाचायला घेतलं आणि आजाराचं नाव सापडलं. आजाराचं नाव होतं देगलूर.

हॉप्सची वेल दिवस मोजते. दिवस लांब असला तर वाढत राहते, आणि पुरती वाढून मग दिवस उतरू लागले की फुलावर येते. दिवस आधीपासूनच लहान असला तर तिला वाटतं हिवाळा आला, निजा आता. बव्हेरियाच्या हालरताऊत जूनमध्ये सोळा तासांचा दिवस असतो. म्हणून हॉप्सचे मोठे मळे पस्तीस ते पंचावन्न अक्षांशांत. देगलूर साडेअठरावर. इथला वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. ज्या दिवशी उन्हानं डोकं फुटायची वेळ येते, कुत्रं नालीत जाऊन बसतं, त्या दिवशी या वेलीला वाटत होतं, थंडी पडली. थंडी म्हणजे काय हे तिला देगलुरात कुठून माहीत असणार? इथं हिवाळा म्हणजे कानटोपी घालावी की नको एवढाच प्रश्न.

याला उपायही आहे. दक्षिण आफ्रिकेत हॉप्सच्या मळ्यांवर रात्री दिवे लावून दिवस लांबवतात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या एका संशोधकानं तर दाखवून दिलं की थंडीची वेलीला गरजच नाही, उजेडाचे तास सांभाळले की पुरे. गुरुजींनी टाकीच्या खांबाला बल्ब लावला. संध्याकाळी सातपासून रात्री दहापर्यंत परसात लख्ख उजेड. पहिल्या रात्री किडे आले, दुसऱ्या रात्री किडे खायला पाली आल्या, तिसऱ्या रात्री आळीतली पोरं कॅरम घेऊन आली. भारनियमन झालं की वेलीला वाटे रात्र झाली, वीज आली की वाटे उजाडलं. असल्या दिवसरात्रीत माणसाचंही डोकं ठिकाणावर राहत नाही. ती परकी, तिनं काय करावं?

जून लागला, दोन-तीन चांगले पाऊस झाले. कर्टुल्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. वर्षभर जमिनीत पडून राहिलेल्या कंदातून कोंब आले. खांब जवळ होता, दोऱ्या ताणलेल्या होत्या, शेणखत शेजारच्या खड्ड्यात होतं. आषाढी एकादशीच्या मागंपुढं मादी टाकीला टेकली आणि तिच्या मागून नरही. बल्बभोवती वेलीनं असा वेढा घातला की तो काढताही येईना. श्रावणात काकूंनी पाटीभर कर्टुली काढली. बाजारात तेव्हा सगळ्यांत चढा भाव कर्टुल्यालाच होता. काकूंनी दोन घरी वाटली, बाकीची विकली, आणि बल्बच्या विजेचं बिल त्यातून भरलं. गुरुजींनी हॉप्सच्या निजलेल्या गड्ड्यावर पालापाचोळा पसरला आणि एक पाटी लावून ठेवली, नाहीतर कुणी तरी ते आलं म्हणून उपटून नेलं असतं.

मधल्या काळात मेसेज थांबले नाहीत. जबलपूरचा आला. तिथं मियाझाकी नावाच्या जपानी आंब्याची झाडं, किलोचा भाव पावणेतीन लाख, राखायला माणसं आणि कुत्री. गुरुजी या वेळी हसले. "बिहारचं औरंगाबाद झालं, आता मध्य प्रदेशचं जबलपूर," म्हणाले, आणि पुढे पाठवला नाही. आम्हाला वाटलं, सुटले.

मग २०२५ च्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रात बातमी आली, की नांदेडच्या कृषी प्रदर्शनात आपल्याच जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबानं मियाझाकी आंबा मांडला, एका आंब्याची किंमत दहा हजार. फोटोसकट. गुरुजी कात्री घेऊन त्यांच्या ओसरीवर आले.

"आता सांगा. हे नांदेड कुठलं? बिहारचं?"

मी वर्तमानपत्र उलटसुलट करून बघितलं. नांदेड आपलंच होतं.

"कलम कुठं मिळतं ते विचारून ठेवलंय," गुरुजी म्हणाले. "टाकीच्या बाजूची जागा मोकळी करावी लागेल."

"कर्टुल्याला हात लावाल तर बघा," आतून आवाज आला. "आणि कुत्री पाळणार असाल तर आधी सांगा. मादीच आणा. पिल्लं तरी विकता येतील."